झेनोबियाबाई काहीच करत नाहीत

वूच शहराच्या कडेला, ट्रामचे रूळ संपतात तिथे
बागांचे चारशे तुकडे,
प्रत्येकाला एक लाकडी खोली, एक नळ, एक कुंपण,
आणि सत्तेचाळीस नंबरवर झेनोबियाबाई.
जून महिना. बाकल्याचे शेंडे काळे पडलेत.
काजळी म्हणावी, तर ती हलते आहे.
मावा.

खोलीत खिळ्याला काझिकचा फवारणीचा पंप,
पितळी नळी, पट्ट्यावर त्याच्या खांद्याचा वाळलेला घाम.
चार वर्षं झाली त्याला जाऊन.
काझिक असता तर दुपारपर्यंत सगळं लख्ख:
मावा नाही, माशी नाही,
आणि एका वर्षी तर पक्ष्यांच्या पेटीत
निळ्या टोपीच्या रामगंगेची पिल्लंही नव्हती.
त्याबद्दल ते दोघं कधी बोलले नाहीत.

कुंपणापलीकडून लेहोस्वाव विचारतो,
"देऊ का औषध? थोडंसंच. तुमची पोरं माझ्या गुलाबावर चढतायत."
"माझी पोरं?"
"मावा हो."
त्या म्हणतात, बघू.

बघू म्हणजे काय, तर
कोवळे शेंडे खुडले, धुऊन लोण्यात परतले
(बरे लागतात, मीठ थोडं जास्त हवं),
पहाटे नळाची धार,
मग पानामागून अंगठा फिरवायचा,
नखात काळा-हिरवा चिकटा दिवसभर.
मुंग्यांचं काय करावं कळेना.
त्यांचा तिथे गोठाच होता:
माव्याच्या पाठीवर मिशी टेकवून
गोड थेंब काढत होत्या, धार काढावी तशा,
आणि दोघी-तिघी राखणीला उभ्या.

चौथ्या दिवशी पानाखाली नवीच जात.
करडी, काटेरी, मगरीच्या पिल्लासारखी,
पाठीवर नारिंगी डाग, सहा पाय, भलती घाई.
"आता हे आणि कोण?"
आणि एक, दोन, तीन,
अंगठ्याखाली.

तेव्हा कुंपणाच्या भोकातून ओटिलिया,
वय नऊ, पुढच्या दातात फट,
अशी ओरडली की कुणीतरी गाडीखालीच येतंय:
"अहो नको! ती ढालकिड्यांची बाळं आहेत!"

झेनोबियाबाईंनी अंगठा निरखला.
लाल काहीच नव्हतं तिथे. काळे ठिपके नव्हते.
ते सगळं मोठेपणी येतं म्हणे.
"मदतीला येणारा असा दिसतो,
हे कुणी सांगायचं होतं मला?"
ओटिलियाला वाटलं आपल्यालाच विचारलं,
ती म्हणाली, "शाळेत सांगतात."

मग सगळ्यात अवघड काम: काहीच न करणं.
खुर्ची, चहाचा पेला, चष्मा,
हात मांडीखाली दाबलेले.
पाचव्या दिवशी मावा वाढलाच.
सहाव्या दिवशी लेहोस्वाव खोकला, मुद्दाम.
सातव्या दिवशी एका मगरीने मावा उचलून धरला,
त्याचे पाय हवेत,
आणि रिकामं कातडं टाकून ती पुढच्याकडे वळली.
काही मावे फुगून सोनेरी, कागदी झालेले,
पाठीला गोल झाकण उघडं:
आत वाढलेलं कुणी जेवून, दार उघडून निघून गेलेलं.
पेटीत चिवचिवाट. निळ्या टोपीची ये-जा थांबेना.
चोचीत काय आहे ते बघायला
त्या उठल्या नाहीत.

दहाव्या दिवशी नवी पालवी, हिरवी.
पुरती नाही. तिसऱ्या ओळीत अजून काळी झाक आहे.
राहू दे.
पंगतीला बोलावलं, तर पानात काही वाढायला नको?

पंपाचा पट्टा सोडवून त्यांनी
कललेला बाकला काठीला बांधला.
पंप मात्र खिळ्यालाच आहे. टाकून देववत नाही.

संध्याकाळी जॅमच्या बरणीत एक पान,
पानावर सात मगरी,
कुंपणावरून लेहोस्वावच्या हातात.
त्याने बरणी उजेडात धरली, फिरवली.
"किती वेळ लागतो यांना?"
"तू चहा किती पितोस
त्यावर आहे."